घडी बसेपर्यंत

ऑकलंड विमानतळाच्या आसपास मोटरहोम भाड्याने देणाऱ्यांचे तळ आहेत. आपल्याकडे फराळाचे डबे रिकामे होऊ लागतात तेव्हा न्यूझीलंडमध्ये वसंत भरात असतो, आणि तिथून पुढे उन्हाळा संपेपर्यंत या तळांवर सकाळपासून वर्दळ असते. गाडी ताब्यात देण्याचा एक ठरलेला रिवाज आहे. तिथला कर्मचारी गिऱ्हाइकाला गाडीभोवती एक फेरी घालायला लावतो: हे पिण्याच्या पाण्याचं झाकण, हा सांडपाण्याचा कॉक, इथे गॅसचा सिलिंडर, ही विजेची निळी पिन, आणि या छोट्या दारामागे संडासाची कॅसेट. अर्ध्या-पाऊण तासात सगळं सांगून होतं. रात्रभर विमानात बसून आलेली माणसं माना डोलावतात, सह्या करतात, किल्ली घेतात. संध्याकाळी पहिल्या मुक्कामावर पोहोचल्यावर कळतं, की ऐकलेल्यापैकी हाताला फारसं काही लागलेलं नाही. पंप घरघरतो, पण नळाला पाणी येत नाही. फ्रीजचा दिवा लागलेला असतो, तरी दूध कोमट. एखाद्या वळणावर वरचं फडताळ उघडून तूरडाळ गाडीभर पसरलेली असते. आणि दोघांपैकी एक जण हातात माहितीपुस्तिका घेऊन उभा असतो, तर दुसऱ्याला त्या अरुंद बोळातून पलीकडे जायचं असतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घर’ हा विषय दिला, तेव्हा चाकांवरच्या घराकडे वळावंसं वाटलं ते या पहिल्या रात्रीमुळे. मोटरहोमवर जे लिहिलं जातं ते बहुतेक वाटेवरच्या सरोवरांबद्दल आणि डोंगरांबद्दल. ज्या आठ-दहा दिवसांत त्या गाडीचं घर होतं किंवा होत नाही, त्यांच्याबद्दल फार कमी. माझं म्हणणं असं आहे, की पाणी आणणं, मैला वाहून नेणं, वीज पुरवणं, कचरा उचलणं ही घराची मूळ कामं शहरी माणसाने इतकी वर्षं इतरांवर सोपवलेली आहेत, की ती कामं आहेत याचंच भान उरलेलं नाही. मोटरहोममध्ये ती सगळी हिशेबासकट परत आपल्या अंगावर येतात. ती शिकायला वेळ लागतो आणि तो वेळ प्रवासाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावा लागतो. शिवाय ती नीट पार पडायची तर रस्त्याच्या कडेला सार्वजनिक सोय लागते. एकट्या गाडीच्या बळावर ते होत नाही. हे तपासायला न्यूझीलंड निवडलं, कारण तिथे या प्रश्नावर गावोगाव भांडणं झाली, कायदे झाले आणि त्यांतून काही व्यवस्था उभी राहिली.

शंभर लिटरचा हिशेब

आपल्याकडे शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. दोघांच्या मोटरहोमची टाकी शंभर लिटरच्या आसपास असते. म्हणजे घरी एकट्याला एक दिवस पुरणार नाही एवढ्या पाण्यात दोघांनी दोन-तीन दिवस काढायचे. न्यूझीलंडमध्ये ‘स्वयंपूर्ण’ वाहनासाठी जे किमान मानक आहे ते याहूनही काटेकोर आहे: माणशी दिवसाला चार लिटर, आणि असं तीन दिवसांचं, म्हणजे माणशी बारा लिटर पाणी गाडीत मावलं पाहिजे. चार लिटरमध्ये पिणं, रांधणं, तोंड धुणं एवढंच बसतं. पण ते बसतं, हे कळणं हाच पहिल्या दोन दिवसांचा धडा असतो.

पाणी खरं संपतं ते भांड्यांपाशी. आपला स्वयंपाक असेल तर आणखीच. कुकरचे दोन डबे, कढई, तवा, परात, त्यांवर तेल आणि हळद. वाहत्या नळाखाली एवढी भांडी घासली तर दोन वेळांच्या जेवणातच टाकीचा मोठा हिस्सा जातो. सरावलेली माणसं जेवण झाल्याबरोबर ताटं-कढई कागदाने पुसून घेतात, कुकरमध्ये उरलेल्या गरम पाण्यात पहिली घासणी करतात आणि नळ फक्त शेवटच्या खळबळण्यापुरता सोडतात. आंघोळीचंही तसंच. अंग भिजवायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा, मग पुन्हा नळ. ज्यांचं बालपण बादली-तांब्यावर गेलं आहे त्यांच्या हे लवकर अंगवळणी पडतं, आणि ज्या गावांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथून आलेल्या माणसाला तर काही शिकवावंच लागत नाही. पाण्याची ही शिस्त युरोप-अमेरिकेतून आलेल्या प्रवाशांना नवलाची वाटते. आपल्याकडच्या कितीतरी बायका ती आयुष्यभर पाळत आल्या आहेत.

नवख्यांच्या ध्यानात उशिरा येतं ते सांडपाणी. वरच्या टाकीतून जेवढं पाणी उतरलं, जवळजवळ तेवढंच खालच्या टाकीत साठत असतं. ती भरली की पाणी परत वर चढतं आणि न्हाणीच्या तळाशी, म्हणजे गाडीतल्या सगळ्यात खालच्या मोरीत, भातखरकटं आणि साबणाचा फेस घेऊन उभं राहतं. बाहेर कॉक सोडून ते गवतावर सांडायला बंदी आहे. म्हणून टाकी भरण्याचा आणि टाकी रिकामी करण्याचा मुक्काम एकच ठरवावा लागतो, आणि दिवसाचा रस्ता त्याप्रमाणे आखावा लागतो. रात्री झोपताना पंपाची कळ बंद करायची, हेही या पहिल्या दिवसांत शिकायचं. एखाद्या सांध्यातून ठिबक लागली, तर चालू राहिलेला पंप सकाळपर्यंत अख्खी टाकी फरशीवर आणू शकतो.

जड खाली, हलकं वर

गाडीत सामान लावणं हे घर लावण्यापेक्षा वेगळं काम आहे, कारण हे घर वळणार आहे, ब्रेक मारणार आहे आणि त्याचं वजन मोजलं जाणार आहे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. सिलिंडर, कपडे, भांडी, सायकली, चार माणसं धरली की गाडीची वजनमर्यादा बघता बघता गाठली जाते. न्यूझीलंडमध्ये ३५०० किलोच्या वरच्या गाड्यांना ताशी ९० किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्यांच्या तपासणीचे नियमही वेगळे आहेत. म्हणून खाजगी मोटरहोम घेणारे पुष्कळ जण त्या आकड्याच्या आत राहू पाहतात, आणि मग लोणच्याच्या बरणीपासून प्रत्येक वस्तूचा विचार करावा लागतो. बरणी, कुकर, डाळ-तांदूळ, पाण्याच्या बाटल्या हे सगळं खाली आणि शक्यतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात. वरच्या फडताळांत पोहे, पापड, टॉवेल, स्वेटर. वर जड ठेवलं तर गाडी वळणावर जास्त कलते. अगदी मागे ठेवलं तर पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. पहिल्या तीन-चार दिवसांत हे सामान निदान दोनदा तरी उपसून पुन्हा लावावं लागतं. त्याला वाया गेलेली सकाळ समजू नये. कुठली वस्तू रोज लागते आणि कुठली उगाच आणली, हे वापरल्याशिवाय समजत नाही.

मुक्कामावर गाडी समपातळीत उभी करणं नवख्याला अतिचिकित्सक माणसाचा नाद वाटतो. त्यामागे कारणं आहेत. गाडी कललेली असेल तर न्हाणीतलं पाणी मोरीकडे न जाता कोपऱ्यात साचतं, आणि डोकं पायांपेक्षा खाली गेलं तर झोप लागत नाही. जुन्या गाड्यांतला फ्रीज गॅस, तळावरची वीज आणि बॅटरी अशा तिन्हींवर चालतो; त्यात कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने अमोनिया वर ढकलायचा आणि तो उताराने आपोआप परत यायचा, यावर त्याचं सगळं काम चालतं. गाडी तिरकी असली की हा प्रवाह अडतो आणि दूध नासतं. म्हणून चाकाखाली प्लॅस्टिकचा पाचरीसारखा उतार सरकवायचा, ओट्यावर पाणसळ ठेवायची, थोडं पुढे, थोडं मागे. चार-पाच मुक्कामांनंतर जागेकडे बघूनच कुठलं चाक उचलावं लागेल ते समजू लागतं. नव्या गाड्यांत कॉम्प्रेसरचे फ्रीज येऊ लागल्याने फ्रीजपुरता हा प्रश्न सुटला. न्हाणीचा आणि झोपेचा उरलाच.

विजेचा हिशेब पाण्यापेक्षा कठीण जातो, कारण ती दिसत नाही. शंभर अँपिअर-अवरची जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी असेल तर तिच्यात सुमारे १२०० वॅट-अवर वीज मावते आणि त्यातली निम्मीच वापरावी, एरवी तिचं आयुष्य घटतं. उरले सहाशे. दोन हजार वॅटची चहाची किटली पाच मिनिटं चालली तर त्यातले दीडशेहून अधिक जातात. म्हणजे चारदा चहा झाला की रात्रीच्या दिव्यांनाही काही उरत नाही. म्हणून चहा गॅसवर. उलट चटणीचा मिक्सर एक-दोन मिनिटंच चालतो, त्यामुळे एकूण वीज थोडीच खातो. पण सुरू होताना तो जो झटका घेतो तो छोट्या इन्व्हर्टरला पेलत नाही. किती लागते आणि एकदम किती लागते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे घरच्या विजेच्या बिलावरून कधी कळलेलं नसतं.

शेवटी दमट हवा. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घाम यांतून अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी हवेत सोडतात. वसंतातल्या थंड रात्री खिडक्या घट्ट लावून झोपलं तर सकाळी काचांवरून ओघळ येतात आणि आठवडाभरात गादीखाली बुरशी धरते. खिडकी बोटभर आणि छतावरचा झरोका थोडा उघडा ठेवून, वर एक पांघरूण जास्त घेऊन झोपणं हाच उपाय. गॅसची शेगडी पेटलेली असताना तर हवा खेळती असलीच पाहिजे. ऊब यावी म्हणून बंद गाडीत शेगडी पेटती ठेवण्यातून कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात, आणि त्या वायूला वास नसतो.

कॅसेट

आता त्या छोट्या दाराकडे. बाहेरून ते उघडलं की आत अठरा-वीस लिटरची चपटी, बंद पेटी दिसते. खाली दोन चाकं, ओढायला दांडा. दोघांची असेल तर ती दोन-तीन दिवसांत भरते. ती ओढत डम्प स्टेशनवर न्यायची. तिथे जमिनीत गटाराला जोडलेलं एक तोंड असतं, शेजारी नळ. पेटीचं तोंड फिरवून बाहेर काढायचं, झाकण काढायचं आणि ओतताना मागची हवेची कळ अंगठ्याने दाबून धरायची. ती दाबली नाही तर आतला माल आचके देत येतो आणि पायांवर उडतो. रिकामी झाल्यावर दोनदा विसळायचं, थोडं स्वच्छ पाणी आणि वास घालवणारं औषध घालून परत जागेवर सरकवायचं. हातमोजे फक्त याच कामाचे. इथला नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळे असतात आणि एकाची नळी दुसऱ्याला कधीही लावायची नाही. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

ही दहा मिनिटं मराठी वाचकापुढे मांडताना थोडं थांबलं पाहिजे. आपल्या समाजाने मैला उचलण्याचं काम जन्मावरून काही जातींवर लादलं आणि त्या माणसांनाच विटाळाचं मानलं. ते काम करवून घेण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी गटारात उतरून माणसं अजून मरतात. याच महाराष्ट्रात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात संडाससफाईचं काम आपल्याला करू द्यावं यासाठी उपोषण केलं होतं, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून साध्या, माणसाला उपसावा न लागणाऱ्या संडासांसाठी वर्षानुवर्षं खपले. मोटरहोमच्या सुट्टीला त्या तपाच्या शेजारी बसवण्याचा माझा हेतू नाही. पण आपला मैला आपण वाहून नेणं यात कमीपणा नाही, ते दहा मिनिटांचं, नीट केलं तर निर्मळ असं घरकाम आहे, हे हाताला कळणं याची किंमत मला मोठी वाटते. पहिल्या खेपेला तोंड वळवणारा माणूस तिसऱ्या खेपेला शेजारच्या नवख्याला हवेची कळ दाखवत असतो, असं या तळांवर नेहमी घडतं.

हौसेच्या पहिल्या कॅराव्हानची गोष्ट इथे आठवते. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरने १८८५ साली ब्रिस्टलमध्ये ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली आणि तीतून ब्रिटनची सफर केली. मौजेखातर चाकांवर राहण्याची प्रथा सहसा तिथून मोजतात. ही गाडी सुमारे दोन टनांची होती. सोबत घोडे सांभाळणारा गाडीवान होता आणि एक नोकर होता. तो तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन वाट मोकळी करत असे. म्हणजे भटकंती डॉक्टरांची, आणि चाकरी दुसऱ्यांची. त्या काळात ते कुणाला खटकलं नसेल. आजच्या मोटरहोममध्ये गाडीवानही आपण आणि नोकरही आपणच, आणि मला ही या जीवनाची सगळ्यात चांगली बाजू वाटते.

दोघांनाही यायला हवं

इंग्रजी बोलणाऱ्या मोटरहोमवाल्यांत पुरुषांची कामं आणि बायकांची कामं अशी एक विभागणी रूढ आहे. त्याने गाडी चालवायची, टाक्या आणि कॅसेट बघायची. तिने आतलं आवरायचं आणि रांधायचं. मराठी घरांत वेगळं काही होईल असं मानायला जागा नाही. थोड्या दिवसांच्या सहलीत हे निभून जातं. महिन्या-दोन महिन्यांच्या प्रवासात निभत नाही, कारण कधीतरी एकाला ताप येतो, पाय मुरगळतो, आणि मग दुसऱ्याला गाडी मागे घेता येत नसते किंवा सिलिंडर बदलता येत नसतो. मुक्काम मग एखाद्या डोंगरातल्या तळावर अडकतो. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक काम दोघांनी आलटून पालटून करावं हा नियम मी तरी सक्तीचा मानेन. रोज एकाने बोलून दाखवावं आणि दुसऱ्याने हाताने करावं: झरोका बंद, गॅस बंद, पायरी आत, विजेची तार गुंडाळली, फ्रीजची कडी लावली, फडताळं लावली. गाडी सुरू करण्याआधी एकाने बाहेरून पूर्ण फेरी घालायची. मागे घेताना खाली उतरलेल्याने चालवणाऱ्याला आरशात दिसेल अशाच जागी उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग लोंबत असतो आणि वळताना तो उलट दिशेला बाहेर फेकला जातो. पेट्रोलपंपाचे खांब ठोकले जातात ते यामुळेच.

ऑकलंडमध्ये वसलेल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की अशी सहल काढणारी घरं आहेत. त्यांच्यासाठी ही घडी आणखी विचाराने बसवावी लागते. चालकाच्या डोक्यावरच्या पलंगावर चढायला शिडी असते. सत्तरीतल्या गुडघ्यांना ती झेपत नाही. जेवणाच्या टेबलाचा जो रात्री पलंग होतो तो रोज मांडायचा आणि मोडायचा असतो, आणि आईंना रात्री दोनदा उठावं लागत असेल तर संडासाच्या वाटेत कुणाचे पाय येतात हे आधी पाहिलं पाहिजे. गाडी चालू असताना उठून चहा करता येत नाही. प्रत्येकाने पट्टा लावून बसायचं. आईंना पोळ्या लाटायच्या असतील तर परात आणि पोळपाट ठेवल्यावर ओटा संपतो, त्यामुळे बाहेर ताडपत्रीखाली टेबल मांडणंच बरं. भारतातून येताना खाण्याचा प्रत्येक जिन्नस विमानतळावर जाहीर करावा लागतो. लपवलेला सापडला तर ४०० डॉलर दंड होतो. मसाल्यांसाठी त्याची गरजही नाही. ऑकलंडमधल्या सँडरिंगमच्या भारतीय दुकानांत भाजणीपासून कोकमापर्यंत शोधलं तर मिळून जातं.

पण एवढा वेळ कुणाकडे आहे?

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो, आणि तो खरा आहे. गाडीचं भाडं दिवसावर असतं. तीन आठवड्यांची रजा, त्यात दोन्ही बेटं पाहायची, ऑकलंड ते वेलिंग्टन हेच सहाशे चाळीस किलोमीटर, पुढे कुक सामुद्रधुनीची साडेतीन तासांची फेरी. अशा वेळी सुरुवातीचे दिवस ‘घर शिकण्यात’ घालवा म्हणणं श्रीमंती सल्ला वाटू शकतो. तरी हिशेब करून पाहावा. पहिल्याच दिवशी तीनशे किलोमीटर तोडणारे प्रवासी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास थांबतात: सांडपाणी भरलं, बॅटरी संपली, काहीतरी मोडलं, किंवा दोघांचं भांडण झालं. तोवर गाडीचा तळ दूर राहिलेला असतो. त्याऐवजी पहिल्या दोन रात्री ऑकलंडपासून तासाभराच्या आतल्या ओरेवासारख्या ठिकाणी, विजेची जोडणी असलेल्या तळावर काढाव्यात. तिसरी रात्र जवळच पण जोडणीविना. म्हणजे आधी पाणी आणि सामान, मग वीज, मग एकदा सगळं मिळून अशी शिकण्याची चढती वाट होते, आणि काही बिघडलंच तर मदत तासाभरावर असते. खर्च होतो तो दोन दिवसांचा, आणि ते दिवस एरवीही गेलेच असते, फक्त वैतागात.

दुसरा आक्षेप नव्या यंत्रांचा. टाक्यांची पातळी पडद्यावर दिसते, लिथियमच्या बॅटऱ्या आणि छतावरचे सोलर पॅनेल आले, जवळचं डम्प स्टेशन फोन दाखवतो. मग एवढं शिकायचं काय? यंत्रांनी काम सोपं केलं हे मान्य. पण किती उरलं हे सांगणारी काच आज कुणी आंघोळ करायची आणि कुणी नाही हे ठरवत नाही. ते माणसांना आपसांत ठरवावं लागतं. आणि पाऊस लागून चार दिवस ऊन पडलं नाही, जे दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर सहज घडतं, तर पॅनेलवर भरवसा ठेवलेल्याला पुन्हा जुन्या काटकसरीकडेच यावं लागतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. दर शंभर किलोमीटरला दहा-बारा लिटर किंवा त्याहून जास्त डिझेल पिणारी गाडी घेऊन साधेपणाचे धडे कशाला गिरवायचे? छोटी मोटार आणि तंबू यांच्यापुढे इंधनाच्या हिशेबात मोटरहोम हरते, यात वाद नाही. तिथे डिझेल गाड्यांना रस्तावापराचं शुल्कही हजार-हजार किलोमीटरच्या पटीत आगाऊ भरावं लागतं, म्हणजे प्रत्येक किलोमीटरची किंमत समोर असते. माझं उत्तर एवढंच, की घडी बसलेले प्रवासी कमी धावतात. एका जागी तीन-चार रात्री राहणं त्यांना जमतं, कारण त्यांना पाणी पुरवता येतं. न बसलेले रोज धावतात, कारण रोज काहीतरी भरायचं किंवा ओतायचं असतं. आक्षेप त्याने पूर्ण मिटत नाही, पण कमी नक्की होतो.

कायदा का करावा लागला

न्यूझीलंडमध्ये सार्वजनिक जागेवर फुकट मुक्काम करण्याची जुनी रीत आहे. पर्यटक वाढले, स्वस्तातल्या छोट्या व्हॅन आल्या, आणि समुद्रकाठच्या गावांना सकाळी झुडपांमागे मैला सापडू लागला. २०११ मध्ये तिथे रग्बीचा विश्वचषक भरला. त्याच वर्षी मुक्त मुक्कामाचा कायदा झाला आणि नगरपरिषदांना जागा ठरवण्याचे, दंड करण्याचे अधिकार मिळाले. तरी एक पळवाट उरली. पलंगाखाली सुटं प्लॅस्टिकचं भांडं ठेवून कित्येक व्हॅन ‘स्वयंपूर्ण’ ठरत होत्या आणि रात्री पलंग उघडला की ते भांडं वापरणं शक्यच नसे. २०२३ च्या कायद्याने ती बुजवली. आता संडास गाडीत पक्का बसवलेला हवा आणि पलंग पूर्ण उघडा असतानाही तो वापरता आला पाहिजे. तपासणी झाल्यावर काचेवर हिरवं प्रमाणपत्र लागतं, त्यावर किती माणसांसाठी ते आहे हेही लिहिलेलं असतं. नियम मोडला तर दंड ४०० डॉलरपासून सुरू होतो.

कायद्याचा हा अर्धा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा अर्धा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गावोगावच्या नगरपरिषदांनी डम्प स्टेशनं बांधली, त्यांच्या खुणेच्या पाट्या रस्त्यावर लावल्या. १९५६ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या मोटर कॅराव्हान असोसिएशनचे आज एक लाखाहून अधिक सभासद आहेत. संघटनेने स्वतःचे तळ उभारले, अनेक ठिकाणी डम्प स्टेशनसाठी गावांना हातभार लावला, आणि सभासदांनी आपल्या घराच्या आवारात परक्या सभासदाला एखादी रात्र थारा देण्याची पद्धत पाडली. संवर्धन खात्याचे दोनशेहून अधिक तळ देशभर आहेत, काही अगदी साधे, फक्त संडास आणि पाणी असलेले. मोटरहोमवाला ज्याला आपलं स्वातंत्र्य म्हणतो ते या जाळ्यावर उभं आहे. दर तीन दिवसांनी कुठेतरी ते तोंड सापडणार, याची खात्री नसेल तर सगळ्यात महागडी गाडीही चौथ्या दिवशी निरुपयोगी होते.

आपल्या रस्त्यांवर

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आपली योजना जाहीर केली. अशा धोरणांत गाड्या आणि कॅराव्हान पार्क यांवर भर असणं साहजिक आहे. न्यूझीलंडचा अनुभव पाहता मी क्रम उलटा लावला असता: आधी पिण्याचं पाणी आणि मैला-सांडपाणी घेणारी तोंडं, तीही गावांच्या मलनिस्सारणाला किंवा मैला-प्रक्रिया केंद्राला जोडलेली, आणि मग पार्क. पार्कच्या कुंपणातच सोय राहिली तर गाडी एका पार्कातून दुसऱ्या पार्कात एवढीच फिरेल, आणि वाटेत अडलेली गाडी कॅसेट कुठे ओतेल ते सांगायला नको.

कुणी म्हणेल, मूठभर हौशी लोकांसाठी सरकारने एवढा खर्च का करावा? त्यांच्यापुरता करूच नये. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे हलणारी खरी बिऱ्हाडं बीड-अहिल्यानगरकडून निघणाऱ्या ऊसतोड कामगारांची आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि बैलगाड्यांत संसार भरून ती पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यांकडे जातात आणि कोपीत राहतात. त्यांतल्या बायांना पाणी आणि आडोसा यांसाठी काय सोसावं लागतं हे अनेकदा लिहिलं गेलं आहे. महामार्गावर रात्र काढणाऱ्या ट्रकचालकांचंही फारसं वेगळं नाही. यांच्या गरजेची आणि मोटरहोमवाल्याच्या हौसेची बरोबरी करता येणार नाही, पण दोघांना लागणारी वस्तू तीच आहे. आणि ती कशी पुरवायची हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आषाढात सासवड, लोणंद, फलटण, नातेपुते या गावांतून पालखी जाते तेव्हा लाखो माणसांच्या मुक्कामासाठी टँकर लागतात, फिरती शौचालयं उभी राहतात, मैला उपसणाऱ्या गाड्या येतात. चार दिवसांनी सगळं उचललं जातं. त्याच मुक्कामांवर बाराही महिने पिण्याच्या पाण्याचा एक नळ, दार लागणारी शौचालयं आणि जमिनीतलं ते एक तोंड कायमचं ठेवलं, तर आधी ते ट्रॉलीतून उतरणाऱ्या बाईच्या कामी येईल, मग ट्रकवाल्याच्या, आणि त्यांच्यामागे रांगेत मोटरहोमही उभी राहू शकेल.